रात्रीचा रस्ता आणि आपल्या मुली

(वर्षावासानिमित्त मंडळाने केनवड येथे आयोजित केलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



 

मी काही व्याख्याती नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत क्लार्क म्हणून लागले. आकड्यांची बेरीज-वजाबाकी करणे हा माझा रोजचा धंदा. मंडळाने 'तुम्हाला पाहिजे त्या विषयावर बोला' असे सांगितले, तेव्हा मी हा विषय का निवडला ते आधी सांगते.

२०२५ च्या उन्हाळ्यात आपल्या वस्तीतील एक मावशी पासबुक भरायला बँकेत आल्या. काम झाले तरी काउंटरपासून हलेनात. मग हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही बँकेत हाय, तुम्हाले समजते. पोरीचा नंबर पुण्याच्या कॉलेजात लागून राह्यला. तिले धाडू का नको धाडू? टीव्हीवर ते स्वारगेटचं पाह्यलं तवापासून जीव थाऱ्यावर नाही. पुण्यापरीस दुसरं कोणतं शहर बरं?"

त्या वेळी रांग मोठी होती. मी "संध्याकाळी बोलू" असे म्हणून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कोणते शहर बरे? रात्री बाईमाणसाने कोठे निर्धास्त फिरावे? दिल्लीत नाही, मुंबईत चालते, दक्षिणेकडे भीती नाही, असे आपण सगळेच बोलतो. हे खरे आहे काय? आणि खरे असेल तर तसे का आहे? याचा विचार आज आपण मिळून करू.

प्रथम आकडे पाहू. केंद्र सरकारचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अहवाल काढतो. २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे देशात महिलांविरुद्धचे ४ लाख ४५ हजार २५६ गुन्हे नोंदले गेले. महानगरांमध्ये दिल्लीत १४,१५८, मुंबईत ६,१७६ आणि बंगळूरमध्ये ३,९२४. २०११ च्या जनगणनेत मुंबई महानगराची लोकसंख्या दिल्लीपेक्षा थोडी जास्तच होती. तरी दिल्लीचे गुन्हे दुपटीहून अधिक. म्हणजे लोक म्हणतात त्यात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

परंतु बँकेत काम करणाऱ्या माणसाला एक सवय असते. रक्कम वाचण्याआधी ती कशाची आहे हे तो पाहतो. हे आकडे गुन्ह्यांचे नाहीत, नोंदलेल्या गुन्ह्यांचे आहेत. जेथे बाई पोलीस ठाण्याची पायरी चढते आणि जेथे तिची तक्रार लिहून घेतली जाते, तेथे आकडा वाढतो. जेथे घरचेच "इज्जत जाईल" म्हणून तिचे तोंड दाबतात, तेथे आकडा लहान दिसतो. म्हणून लहान आकडा पाहून लगेच 'हे गाव सुरक्षित' असा शेरा मारू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्याच अहवालात गुन्ह्यांचे प्रकार दिले आहेत. सर्वांत मोठा वाटा कोणता असेल? रस्त्यावरचा नाही. नवरा आणि सासरच्या नातेवाइकांकडून होणारा छळ हा सर्वांत मोठा प्रकार आहे, शंभरात ३१ पेक्षा जास्त. आणि बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचे प्रमाण शंभरात नव्वदहून अधिक असते. शेजारी, नातेवाईक, मित्र, लग्नाचे वचन देणारा. याचा अर्थ असा की, आपण मुलीला रात्रीच्या परक्या माणसाची भीती घालतो आणि दिवसाढवळ्या घरात ऊठबस असलेल्या माणसाबद्दल एक शब्द बोलत नाही.

आता शहरे घेऊ. एकेक घटना आपण ऐकलेली आहे, पण एका ओळीत मांडून पाहिलेली नाही.

१६ डिसेंबर २०१२, दिल्ली. सिनेमा पाहून परतणारी विद्यार्थिनी आणि तिचा मित्र रात्री सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास मुनिरका येथे एका बसमध्ये चढले. ती सरकारी बस नव्हती, खाजगी होती. पुढे काय झाले ते साऱ्या देशाला माहीत आहे. लोक म्हणाले, दिल्लीच तशी.

२२ ऑगस्ट २०१३, मुंबई. महालक्ष्मी भागातील बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात कामानिमित्त गेलेल्या तरुण छायाचित्रकार महिलेवर अत्याचार झाला. बरोबर पुरुष सहकारी होता आणि वेळ संध्याकाळची होती. मुंबई सुरक्षित म्हणणारे गप्प झाले.

३१ डिसेंबर २०१६, बंगळूर. नववर्षाच्या रात्री महात्मा गांधी रोडच्या परिसरात हजारोंच्या गर्दीत मुलींची छेडछाड झाल्याच्या बातम्या आल्या. तेथे दिवे होते, माणसे होती, पोलीसही होते.

२७ नोव्हेंबर २०१९, हैदराबादजवळचे शमशाबाद. एका पशुवैद्यक डॉक्टर मुलीला रात्री टोलनाक्याजवळून पळवून मारण्यात आले. घरचे लोक तक्रार घेऊन गेले तर हद्दीच्या वादात वेळ गेला, असा आरोप झाला आणि पोलीस कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली.

९ ऑगस्ट २०२४, कोलकाता. आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवर असलेल्या डॉक्टर मुलीचा अत्याचार करून खून करण्यात आला. ती रस्त्यावर नव्हती, आपल्या कामाच्या जागी होती.

आणि २५ फेब्रुवारी २०२५, पुणे. स्वारगेट बसस्थानक. फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणीला पहाटे पावणेसहाच्या सुमारास एका माणसाने "गाडी तिकडे लागली आहे" असे सांगून उभ्या असलेल्या बसमध्ये नेले आणि तिच्यावर अत्याचार केला, अशी तिची तक्रार आहे. बाहेरच्या गावी जाणारी, पहाटे एसटी पकडणारी मुलगी. आपल्यापैकी प्रत्येकीने अशी पहाटेची गाडी पकडलेली आहे. म्हणून ही बातमी आपल्याला जास्त लागली.

उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व. कोणती दिशा राहिली? त्यामुळे 'अमुक प्रांताच्या पाण्यातच गुण आहे' किंवा 'तमुक प्रांताची माणसेच वाईट' हे म्हणणे सोडून द्यावे लागते. बाबासाहेबांनी आपल्याला जन्मावरून माणसाची पारख करू नका असे शिकवले. मग प्रांतावरून तरी का करावी?

तरीही फरक असतोच. मुंबईत रात्री अकरा वाजता लोकलच्या महिला डब्यात बसलेली बाई आणि त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या शहरात रिकाम्या रुंद रस्त्यावर रिक्षा शोधणारी बाई, या दोघींच्या मनाची स्थिती सारखी नसते. हा फरक कशाने पडतो?

मला वाटते, तो पाच गोष्टींनी पडतो. पहिली गोष्ट गाडी. मुंबईची लोकल मध्यरात्र उलटून गेल्यावरही धावते आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होते. तिला महिलांचे वेगळे डबे आहेत. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर केवळ महिलांसाठी संपूर्ण लोकल सुरू झाली. या सोयी बायका रोज कामावर जातात म्हणून झाल्या आणि सोयी झाल्या म्हणून आणखी बायका कामावर जाऊ लागल्या. दुसरी गोष्ट उजेड. तिसरी गोष्ट रस्त्यावरची वर्दळ. जेथे घरे, दुकाने, हॉटेले, भाजीवाले एकाच रस्त्यावर असतात, तेथे रात्री उशिरापर्यंत कोणी ना कोणी जागे असते. अमेरिकेतील लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ सालीच हे मांडले की, रस्त्याची राखण पोलिसांपेक्षा त्या रस्त्यावर राहणाऱ्या-वावरणाऱ्या लोकांच्या नजरेने अधिक होते. ज्या शहरात एकीकडे नुसती कार्यालये, दुसरीकडे भिंती आणि फाटकांच्या आत बंद वसाहती आणि मध्ये मैल मैल रुंद रस्ते, तेथे संध्याकाळनंतर ही नजर उरत नाही. चौथी गोष्ट, त्या वर्दळीत बायका किती आहेत. बंगळूरची ती गर्दी मुख्यतः पुरुषांची होती. गर्दी म्हणजे सुरक्षितता नव्हे. ज्या गर्दीत म्हाताऱ्या आहेत, लेकुरवाळ्या आहेत, कामावरून येणाऱ्या आहेत, ती गर्दी वेगळी. आणि पाचवी गोष्ट म्हणजे हाक मारली तर कोणी येईल काय, आणि तक्रार केली तर कोणी लिहून घेईल काय, याचा भरवसा.

मुंबईतील बायकांच्या सार्वजनिक वावरावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी अभ्यास करून २०११ साली पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा आपणही लक्षात घेण्यासारखा आहे. मुंबईतसुद्धा बाई रस्त्यावर चालते ती काहीतरी काम आहे असे दाखवून. हातात पिशवी, कानाला फोन, घाईची चाल. पुरुष नाक्यावर विनाकारण उभा राहिला तर कोणी काही विचारत नाही. बाई उभी राहिली तर दहा जण वळून पाहतात. म्हणजे सर्वांत बऱ्या म्हटलेल्या शहरातही तिला रस्ता मिळतो तो हक्काने नव्हे, कारण दाखवून.

माझ्या स्वतःच्या आयुष्यातील एक रात्र मला येथे आठवते. मी शाळेत असताना आजीबरोबर पहिल्यांदा ६ डिसेंबरला दादरला गेले होते. आपल्यातील पुष्कळ जणी गेल्या असतील. मुंबई कधी न पाहिलेल्या खेड्यापाड्यांच्या हजारो बायका शिवाजी पार्कच्या उघड्या मैदानावर रात्रभर राहतात. कोणी भाकरी सोडून खाते, कोणी भीमगीते ऐकते, कोणी पोराला कुशीत घेऊन झोपते. आजीने चादर अंथरली, पिशवी उशाला घेतली आणि ती निवांत झोपली. मी जागीच होते, पण भीतीने नव्हे, समुद्राचा आवाज ऐकत. आपल्या वस्तीत अंधार पडल्यावर मला एकटीला नळावर न पाठवणारी माझी आजी, मुंबईच्या मैदानात लाखो अनोळखी माणसांत झोपली होती.

असे का झाले? त्या रात्री मुंबई बदलली होती काय? नाही. तेथे उजेड होता. महानगरपालिकेने पाणी आणि शौचालये यांची सोय केली होती. समता सैनिक दलाचे सैनिक फिरत होते. बायका हजारोंनी होत्या. आणि तेथे आलेला प्रत्येक माणूस एका मर्यादेने आलेला होता. व्यवस्था आणि मर्यादा या दोन गोष्टी एकत्र आल्या की उघडे मैदानसुद्धा घर होते. आपल्याच समाजाने हे दरवर्षी करून दाखवले आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरही आपण हेच पाहतो. मग एका रात्रीसाठी जे जमते ते आपल्या गावाच्या बसथांब्यावर वर्षभर का जमू नये?

बंधू-भगिनींनो, आता विदर्भाकडे येऊ. आपण दिल्ली-मुंबईला नावे ठेवतो. पण या देशात बलात्काराचा कायदा बदलला तो आपल्याच विदर्भातील एका रात्रीमुळे. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीला तक्रारीच्या चौकशीसाठी आणले होते. रात्री बाकीच्यांना बाहेर पाठवले गेले आणि पोलीस ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला असा खटला दोन पोलिसांवर चालला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६ साली शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, याला त्या निकालात मोठे महत्त्व दिले गेले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराची वेगळी तरतूद झाली, आणि अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला व स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरावे असे ठरले.

आणि २९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी आपण कसे विसरू? भंडारा जिल्ह्यातील त्या गावात आपल्याच बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलांना संध्याकाळी ठार करण्यात आले. ती माणसे कोठे परगावी फिरायला गेली नव्हती. मारणारे परके नव्हते, गावचेच होते. बाई म्हणून असलेल्या भीतीत आपल्या बायांना जातीची भीती आणखी मिळवावी लागते. शहरांची तुलना करताना ही बेरीज कोणी करत नाही. उलट आपल्या अनेक मुलींना शहर बरे वाटते, कारण तेथे निदान कोणाची मुलगी, कोणत्या वस्तीची, हे विचारत नाहीत.

वर्षावासाचे दिवस आहेत, म्हणून धम्मातील एक प्रसंग सांगते. भिक्खुणी उप्पलवण्णा या भगवंतांच्या अग्रश्राविका. त्या श्रावस्तीजवळच्या अंधवनात कुटीत राहत. भिक्षा घेऊन त्या परत आल्या तेव्हा एक तरुण कुटीत लपून बसला होता. त्याने त्यांच्यावर बळजबरी केली. धम्मपदाच्या अट्ठकथेत हा प्रसंग आहे. तो तरुण कोण होता? त्यांचा मामेभाऊ. वेळ रात्रीची नव्हती. जागा त्यांचीच होती. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा प्रसंग आणि आजच्या सरकारी अहवालातील आकडे, दोन्ही एकच सांगतात.

यापुढचा भाग महत्त्वाचा आहे. संघात प्रश्न निघाला की उप्पलवण्णेला दोष लागतो काय? विनयातील निर्णय स्पष्ट आहे. जिची संमती नव्हती तिला दोष नाही. तिच्या अंगावर खुणा आहेत काय, ती ओरडली काय, ती वनात एकटी का राहिली, असे कोणी विचारले नाही. जी गोष्ट १९७८ साली आपल्या न्यायसंस्थेला समजली नाही, ती तथागतांनी किती आधी सांगून ठेवली होती!

पुढे भिक्खुणींनी वनात राहू नये असे ठरले. कोणी म्हणेल, पाहा, शेवटी बंधन बाईवरच आले. हा आक्षेप मी नाकारणार नाही. पण अट्ठकथा एवढ्यावरच थांबत नाही. भगवंतांनी राजा प्रसेनजिताला ही गोष्ट सांगितली आणि राजाने भिक्खुणींसाठी नगराच्या आत निवासस्थान बांधून दिले. म्हणजे 'घरी परत जा' असे त्यांना सांगितले नाही. चीवर उतरवा असे सांगितले नाही. त्यांचा मार्ग चालू राहावा म्हणून राज्यसत्तेला कामाला लावले. आपण मात्र निम्मीच गोष्ट करतो. बंधन घालतो आणि निवास बांधायचे विसरतो.

बाबासाहेबांचेही तसेच होते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. कोणत्याही समाजाची प्रगती मी त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असा विचार बाबासाहेबांनी तेथे मांडला. त्या परिषदेला हजारो बायका आल्या होत्या. १९४२ साली, भर पावसाळ्यात! आजच्यासारख्या गाड्या नाहीत, रस्ते नाहीत, हातात मोबाईल नाही. त्यांनी 'नागपूर सुरक्षित आहे काय' असे विचारले असते आणि घरी बसल्या असत्या, तर आज मी येथे माईकसमोर उभी नसते.

काही जण म्हणतात, मुलींनी रात्रीची कामेच करू नयेत. कोलकात्याच्या घटनेनंतर तेथील सरकारने शक्यतो महिला डॉक्टरांना रात्रपाळी देऊ नये असे सुचवले. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आक्षेप घेतला. महिलांना रात्री काम करू नका असे सांगता येणार नाही, सुरक्षा देणे हे सरकारचे काम आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. विचार करा, रात्री आपल्या सुनेला कळा सुरू झाल्या तर दवाखान्यात नर्सबाई पाहिजे, सोबत आशाताई पाहिजे. ती कोणाची तरी मुलगी रात्री बाहेर आहे म्हणूनच आपले बाळंतपण सुखरूप होते. आमच्याकडे ३१ मार्चला हिशेब बंद होईपर्यंत रात्र होते. पुरुष कर्मचाऱ्यांबरोबर आम्हीही थांबतो. मी थांबले नसते तर 'बायका कामाच्या नाहीत' असे म्हणायला सगळे मोकळे होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचे तर तिची संमती पाहिजे, संरक्षणाची आणि घरापर्यंत पोचवण्याची व्यवस्था पाहिजे. आपल्या ज्या मुली पुण्या-मुंबईला नोकरी करतात त्यांना हे माहीत असावे.

आता माझीच एक चूक सांगते. माझी पुतणी कॉलेजसाठी रोज जाणे-येणे करते. एके दिवशी वाटेत गाडी नादुरुस्त झाली आणि ती रात्री साडेनऊला थांब्यावर उतरली. तेथे काळोख होता. ती घरापर्यंत पळत आली. दारात येताच मी पहिला प्रश्न काय विचारला? "एवढा उशीर का झाला?" ती म्हणाली, "आत्या, गाडी बंद पडली, त्यात माझं काय चुकलं?" मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी विचार केला. थांब्यावरचा दिवा कित्येक दिवस बंद होता. मी रोज त्याच्याखालून जात होते. बँकेत एक रुपयाचा फरक आला तर आम्ही रात्रीपर्यंत शोधतो, आणि येथे डोक्यावरचा दिवा बंद आहे हे मी शोधले नाही. मी पुतणीला जाब विचारला, पण एक साधा अर्ज कोणाला दिला नव्हता. मग अर्ज लिहिला, पंधरा-वीस बायकांच्या सह्या-अंगठे घेतले, अर्जाची पोच घेतली. थोड्याच दिवसांत दिवा लागला. एवढेच काम होते. पण ते सुचायला मुलीने धावत घरी यावे लागले.

म्हणून आता मंडळापुढे काही गोष्टी ठेवते. ठराव म्हणून घ्या किंवा विनंती म्हणून घ्या.

एक. ज्या दिवशी परीक्षेहून, क्लासहून, नोकरीच्या मुलाखतीहून मुली उशिरा येणार असतील, त्या दिवशी शेवटच्या गाडीला मंडळाचे दोन माणसे, त्यात एक बाई, थांब्यावर असावीत. वंतागून नव्हे, ६ डिसेंबरला समता सैनिक दल उभे राहते त्या भावनेने.

दोन. वस्तीतील रस्ते, नळ, शौचालये आणि थांबा येथील दिव्यांची दर पौर्णिमेला पाहणी करावी आणि बंद दिव्यासाठी लगेच लेखी अर्ज द्यावा. पौर्णिमेला आपण वंदनेसाठी एकत्र येतोच, त्याच दिवशी हे काम होईल.

तीन. परगावी शिकणाऱ्या मुलींची यादी मंडळाकडे असावी आणि त्या त्या शहरातील आपल्या समाजातील एका जबाबदार कुटुंबाचा फोन नंबर प्रत्येकीकडे असावा. वसतिगृह निवडताना फीबरोबर तेथून बसथांबा किती दूर आहे आणि वाटेत उजेड आहे काय, हे रात्री आठनंतर स्वतः जाऊन पाहावे. दिवसा पाहिलेली गल्ली रात्री वेगळी असते.

चार. कायदा मुलींना पाठ असावा. संकटात ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. गुन्हा कोणत्याही हद्दीतील असो, कोणतेही पोलीस ठाणे तक्रार नाकारू शकत नाही. साक्षीसाठी स्त्रीला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरी जाऊन विचारावे लागते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादाच्या प्रसंगी महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. अत्याचारग्रस्त स्त्रीवर सरकारी किंवा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने मोफत उपचार केले पाहिजेत.

पाच, आणि हे मुलांसाठी आहे. येथे मागे उभे असलेल्या तरुणांनो, जरा पुढे या. आम्ही इतकी वर्षे मुलींना शिकवतो की खाली मान घालून चल, अंधारात जाऊ नको. तुम्हाला आम्ही काय शिकवले? आपण रोज पंचशील म्हणतो. तिसरे शील कामाच्या मिथ्याचारापासून दूर राहण्याचे आहे. ते शील फक्त विहारात म्हणायचे नाही, बसमध्ये, नाक्यावर, मोबाईलवरही पाळायचे आहे. आणि पाचवे शील मद्याचे. नववर्षाच्या रात्रीच्या त्या गर्दीत ही दोन शिले पाळली गेली असती, तर एकाही मुलीला रडत घरी जावे लागले नसते. तुमचा मित्र छेड काढत असेल तर त्याला तेथल्या तेथे थांबवा. त्या वेळी गप्प राहणारा मित्रही त्या गुन्ह्यात थोडा सामील असतो.

शेवटी त्या मावशींकडे वळते. त्या आज येथे बसल्या आहेत. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि जे सांगितले तेच आज सर्वांसमोर सांगते. मावशी, पूर्ण सुरक्षित असे शहर मला तुम्हाला दाखवता येणार नाही. पूर्ण सुरक्षित असे गावही दाखवता येणार नाही. मुलगी घरी राहिली म्हणजे वाचली असे नाही, पण घरी राहिली तर तिचे शिक्षण नक्की बुडेल. एका बाजूला शक्यता आहे, दुसऱ्या बाजूला खात्रीचे नुकसान आहे. बँकवाली म्हणून मला हा हिशेब स्पष्ट दिसतो. म्हणून तिला पाठवा. ती रात्री फोन करेल तेव्हा आधी "कोठे आहेस, काय पाहिजे" हे विचारा, "उशीर का झाला" हे नंतर विचारा. ज्या मुलीला घरची भीती वाटत नाही, ती बाहेरचे संकट घरी सांगते. आणि ज्या मुलीला घरी बोलणी बसतात, ती गप्प राहते. तिच्या गप्प राहण्यावरच वाईट माणसाचे फावते.

मावशींनी मुलीला पाठवले आहे. ती दिवाळीत येईल तेव्हा तिची गाडी उशिरा पोचणार आहे. त्या रात्री थांब्यावर मी जाणार आहे. माझ्याबरोबर कोण कोण येणार, त्यांनी सभा संपल्यावर सचिवांकडे नाव द्यावे, एवढीच विनंती करते आणि माझे दोन शब्द संपवते.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम! जय भारत!